जिच्या घरी पेटी, तिच्याजवळ किल्ली नाई

माझे भाऊजी हॉलंडचे आहेत. कॉलेजात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मैत्रिणींना वाटलं मी फेकतेय. मग मी त्यांना मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्यात भाऊजी मोहर्लीतल्या आमच्या घरासमोर लुंगी नेसून बसलेत आणि आईसोबत तुरीच्या शेंगा सोलतायत. फोटो पाहून एक मैत्रीण म्हणाली, "हे तुझ्यापेक्षा जास्त गावचे वाटतात." ते खरंच आहे. मी चंद्रपूरला आल्यापासून 'मले' म्हणायला थोडी कचरते. वर्गात सगळे 'मला' म्हणतात. भाऊजी मात्र मराठी ताईकडूनच शिकले, त्यामुळे बँकेतल्या साहेबांसमोरही ते बिनधास्त म्हणतात, "मले समजून नाई राह्यलं जी, पुन्हा सांगा."

ताई ताडोब्यात गाईड आहे. भाऊजी पर्यटक म्हणून आले होते. चार सफारी झाल्या, वाघ काही दिसला नाही. चौथ्या सफारीला गाईड म्हणून ताई होती. वाघ नाही म्हणून तिने त्यांना अस्वलाची नखं लागलेली मोहाची साल, नीलगाईची लेंडं आणि कोळ्याचं एक जाळं दाखवलं. उतरताना त्यांनी तिच्या हातात नोटांची घडी ठेवली. ताईने ती उघडली, त्यातली एक नोट ठेवली आणि बाकी परत दिल्या. "साहेब, हे लय झाले." भाऊजींना वाटलं आपण तिचा अपमान केला. माफी मागायला ते दुसऱ्या दिवशी गेटवर आले, पण गाईडचे नंबर लागतात, हवा तो गाईड मागून मिळत नाही. ताईचा नंबर त्यांच्या गाडीला यायला सहा सकाळी लागल्या. सहाव्या सकाळी वाघही दिसला म्हणे. पण दोघांनाही तो नीट आठवत नाही.

लग्न चंद्रपूरला नोंदणी करून आणि मग गावच्या विहारात झालं. दोघं गावातच भाड्याच्या घरात राहू लागली. भाऊजींचं काम कॉम्प्युटरवरचं, तिकडच्या कंपनीसाठी नकाशे काढायचं. रेंज असली की ते कामात, गेली की शेंगा सोलायला.

पैशाच्या बाबतीत त्यांची पद्धत आमच्यापेक्षा फार वेगळी होती. स्वयंपाकघराच्या फळीवर त्यांनी दोन स्टीलचे डबे ठेवले, एकावर ताईचं नाव, एकावर त्यांचं. घरखर्चाला दोघांनी आपापल्या डब्यातून पैसे काढायचे. पावसाळ्यात जंगल बंद झालं आणि ताईचा डबा रिकामा झाला, तेव्हा भाऊजींनी कागदावर आकृती काढून तिला समजावलं की बंदीच्या महिन्यांत तिचा वाटा किती कमी व्हायला हवा. ताईला ते आवडलं. आईला अजिबात नाही.

"नवरा-बायकोत कायचे वाटे व बाई? उद्या पोळ्या बी मोजशीन?"

आमच्या घरात बाबा धान विकून आले की सगळे पैसे आईच्या हातात देतात आणि दुसऱ्या सकाळपासून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यासाठी तिच्याकडे दहा रुपये मागतात. भाऊजींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"बाबा, तुमी तुमचेच पैसे मांगून राह्यले?"

"माह्ये कुठी? तिचे हायत," बाबा म्हणाले.

"पण कमावले तुमी."

"म्हून त ती देते दहा. नाईतर पाचच दिले असते."

मग गेल्या वर्षी जमिनीची गोष्ट निघाली. तलावाकडच्या रस्त्याला एकरभर जमीन विकाऊ होती, तीन मोहाची झाडं आणि एक जुनी विहीर. ताईला तिथे घर बांधायचं होतं. शेतजमीन भाऊजींच्या नावावर होऊ शकत नव्हती, कारण ते परदेशी. ताईचं नाव बाबांच्या सातबाऱ्यावर आहे, म्हणून ती शेतकरी, म्हणून तिच्या नावावर होणार. पैसे मात्र जवळजवळ सगळे भाऊजींचे, तिकडे दहा-बारा वर्षं साठवलेले.

भारतात लग्न करून राहिलेल्या परदेशी नवऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. भाऊजी त्यात आहेत. एकाने बायकोच्या नावावर घर घेतलं आणि आता तो स्वतः लॉजमध्ये राहतो. एकाच्या सासऱ्याने प्लॉट परस्पर विकला. अशा गोष्टी तिथे रोज येत. हे मला भाऊजींनीच सांगितलं. त्यांना असं बोलायला दुसरं कोणी नव्हतं आणि मी ऐकून घेते. मला सल्ला देता येत नाही, म्हणूनच कदाचित लोक मला सांगतात.

"माह्या तिच्यावर विश्वास हाय," ते म्हणाले, "पण मले भेव बी लागते. दोन्ही संगंसंगं राहू शकते का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "राहत असन."

मग त्यांनी ताईला विचारलं की वकिलाकडून एक कागद करू या का. पुढे दोघं वेगळे झाले तर जमिनीची अर्धी किंमत त्यांना परत मिळावी, असा. ताई म्हणाली, करू. पण ही बातमी आईपर्यंत पोचली आणि आमच्या घरातून त्यांच्याकडे जाणारा भाजीचा डबा बंद झाला. बाबा एवढंच म्हणाले, "त्यानं आपला देश सोडला. एक कागद मांगला त काय झालं?" आईने त्यांचे दहा रुपयेही बंद केले.

आठवडाभराने भाऊजी स्वतःच येऊन आईला म्हणाले, "माय, कागद नको. विश्वास म्हणजे विश्वास." डबा सुरू झाला. गुरुवारची रजिस्ट्री ठरली. आणि सोमवारी मी सगळ्यावर पाणी फिरवलं.

माझ्या दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. ताई दुपारच्या सफारीला गेली होती. तांदळात पोरकिडे झाले म्हणून भाऊजी आणि मी त्यांच्या घरची कोठी रिकामी करत होतो. खाली, तळाला, भाऊजींच्या हाताला लोखंड लागलं. त्यांनी ते ओढून काढलं. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी होती. तिला दोन कुलपं.

"हे काय हाय?"

मला माहीत होतं. ती पेटी मीच तिथे आणली होती, माझ्या कॉलेजच्या बॅगेत घालून.

ताई गावातल्या बायकांच्या बचत गटात आहे. बारा जणी. कोणाला तातडीने लागले तर असावेत म्हणून थोडी रक्कम बँकेत न टाकता पेटीत राहते. पेटी एकीच्या घरी असते आणि किल्ल्या दुसऱ्या दोघींकडे. पेटी कोणाकडे आहे हे नवऱ्यांना सांगायचं नाही, असा त्यांचा पक्का नियम आहे. सुरुवातीला एकीच्या नवऱ्याने ती कुलपासकट उचलून नेली होती आणि ती गावाबाहेरच्या दारूच्या अड्ड्यावर सापडली होती. तेव्हापासून नियम.

मी गटात नाही. पण मला विश्वासात घेतलं होतं, कारण विद्यार्थिनीच्या जड बॅगेकडे कोणी पाहत नाही.

मला खोटं बोलता येत नाही. हा काही चांगुलपणा नाही, मला ते पटकन सुचतच नाही. मी म्हणाले, "पैसे."

"कोणाचे?"

तेव्हा मला नियम आठवला. अर्धं बोलून झालं होतं. मी म्हणाले, "ताईले विचारा."

आजही वाटतं, पूर्ण गप्प राहिले असते तर चाललं असतं. सगळं सांगितलं असतं तरी कदाचित चाललं असतं. मी नेमकं मधलं काहीतरी केलं.

ताई संध्याकाळी आली. केसांत लाल धूळ, गळ्यात दुर्बीण. पेटी टेबलावर होती आणि भाऊजी तिच्यासमोर बसले होते. मी कोपऱ्यात तांदूळ पाखडत होते, खरं तर पाखडून झालेले पुन्हा पाखडत होते.

"हे उघड," भाऊजी म्हणाले.

"किल्ली नाई."

"कुठी हाय?"

"माह्याजवळ नाई."

"तुह्या कोठीत तुही पेटी, अन् किल्ली तुह्याजवळ नाई?"

"पेटी माही नाई."

"मंग कोणाची?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगता नाई येत."

भाऊजींनी पेटी बाजूला सरकवली. मग इंग्रजीत म्हणाले की गुरुवारची रजिस्ट्री नको. घरात ते कधीच इंग्रजी बोलत नाहीत. सायकल घेऊन ते तलावाकडे निघून गेले.

ताई वांगी चिरायला बसली. मी रडवेली होऊन म्हणाले, "सांगून टाक ना व ताई. भाऊजी कायले पेटी उचलून नेतीन?"

"मले माहीत नाई का ते? दोन मिनिटाचं काम हाय," ती म्हणाली. "पण एकीनं आपल्या नवऱ्यासाठी नियम मोडला, त बाकीच्या अकरा जणींच्या नवऱ्यानं काय घोडं मारलं? माहा नवरा गोरा हाय म्हून तो शहाणा, अन् त्यायचे चोर?"

वांग्याच्या फोडी इतक्या बारीक झाल्या होत्या की त्यांची भाजी होण्यासारखी नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "लग्न झालं तवा सारं गाव म्हणे, ही आता उडाली विमानात. त्याच महिन्यात बायांनी पेटी माह्याकडे देल्ली. जी उडून जाणार तिच्याकडे कोणी पेटी देते का? तुले समजून राह्यलं का मी काय म्हणतो ते?"

मला समजलं. म्हणूनच मी चपला घातल्या आणि गटाच्या अध्यक्षबाईंकडे गेले. त्यांचं गेटजवळ चहा-पोह्याचं दुकान आहे. त्या भांडी आवरत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"आंगात आलं होतं काय व तुह्या?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "पैसे म्हणते! सापाचं पिल्लू हाय म्हणाची होती. हात बी नसता लावला त्यानं."

"बाई, रजिस्ट्री थांबली."

"हव, आयकलं मी." त्यांनी कढई उपडी घातली. "उद्या मंगळवार हाय. जंगल बंद, साऱ्या घरीच हायत. चार वाजता विहारात घेऊन ये तुह्या भाऊजीले. पेटी तुह्या ताईले आणाले सांगजो. अन् तू बी ये, पळू नको."

मंगळवारी चार वाजता विहाराच्या ओसरीत सतरंजीवर बारा बायका आणि भाऊजी. मी खांबाजवळ. भाऊजींचे पाय लांब, ते कसेही घेतले तरी कोणाला तरी लागत होते.

"बस जी नीट, मारत नाई आमी," एक जण म्हणाली.

"पयला नवरा हाय गटाच्या मीटिंगमधी," दुसरी. "हार आणाले पायजे होता."

"हॉलंडचा असो का हेमलकश्याचा, नवरा तो नवराच व बाई. पेटी दिसली का डोये चमकते."

भाऊजी लाल झाले. अध्यक्षबाईंनी मग त्यांना सगळं सांगितलं, गट, नियम, दारूचा अड्डा. दोघी पुढे आल्या. एकीची किल्ली काळ्या पोतीत ओवलेली, दुसरीची कमरेच्या बटव्यात. दोन्ही कुलपं उघडली. आत रबर लावलेल्या नोटा, पासबुक, एक शिक्का आणि किडे होऊ नयेत म्हणून टाकलेला कडुनिंबाचा वाळका पाला.

भाऊजी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "जिच्या घरी पेटी, तिच्याजवळ किल्ली नाई."

"हव."

"पण तिनं दगडानं कुलूप फोडलं त?"

"फोडन," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दगड त साऱ्यायच्याच घरी हाय."

"मंग कुलूप लावता काऊन?"

"अरे बाबू, चोरासाठी नाई ते. जिच्या घरी पेटी हाय ना, तिच्यासाठी हाय. उद्या शंभर रुपये कमी निंगाले, त तिच्याकडे कोणी बोट करू नये. किल्लीच नाई तिच्याजवळ, त बोट कसं करतीन? तिले सुखानं झोप लागावी म्हून कुलूप."

भाऊजी ताईकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माहं चुकलं. गुरुवारी जाऊ. बिना कागदाची रजिस्ट्री करू."

मला वाटलं, झालं, मिटलं. पण ताई म्हणाली, "नाई. कागद पायजे."

"मी त म्हणून राह्यलो नको."

"तुह्यासाठी नाई, माह्यासाठी पायजे." ती आमच्या समोर त्यांना अरे-तुरे करत नाही, त्या दिवशी तिला भान राहिलं नाही. "जमीन माह्या नावावर, पैसे तुहे. उद्या आपलं भांडण झालं त तुहा तो मोबाईलवाला ग्रुप काय म्हणन? गावातले काय म्हणतीन? का पोरीनं गोऱ्याले लुबाडलं. मले ते आयकाचं नाई. तू कागद नको म्हणते त तू मोठा होते, अन् मी जलमभर संशयात. मले बी झोप पायजे."

"आता गं!" मागून कोणीतरी म्हणालं.

भाऊजींनी मान हलवली. दोन-तीन वेळा हलवली. ते खूप पटलं की ते तसं करतात. मीही खांबामागे मान हलवत होते, हे मला नंतर लक्षात आलं. आईच्या अबोल्यापासून मी त्या कागदाला शिवीच समजत होते.

पण मीटिंग संपली नव्हती. नियम मोडला होता. जिच्या घरून गोष्ट फुटली तिला पन्नास रुपये दंड, आणि पेटीची जागा बदलणार, कारण आता एका नवऱ्याला ती माहीत झाली. भाऊजींनी लगेच खिशात हात घातला आणि ओसरीत हसू फुटलं.

"नवऱ्याच्या पैशानं दंड चालत नाई जी!"

ताईने दंड स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून भरला. पेटी जाणार म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला होता. भाऊजींनी का ते विचारलं आणि तिने जाताना रस्त्यात सांगितलं असावं, कारण ते अर्ध्या वाटेतून परत आले.

"बाई, पेटी परत देसान का तिले?"

"पाहू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पयले घर त बांध. भाड्याच्या घरात काय ठेवाचं."

बुधवारी कागद झाला. वकील म्हणाले की असा कागद नवरा मागतो आणि बायको रडते, हे त्यांनी पाहिलंय. बायकोने हट्टाने करून घेतलेला पहिलाच. गुरुवारी रजिस्ट्री झाली. आई सोबत आली, सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, डबा घेऊन. ताईने सह्या केल्या, प्रत्येक पानावर, गाईडच्या वहीत करते तशी मोठ्या अक्षरांत.

कागद कोणाकडे ठेवायचा यावर ऑफिसच्या पायऱ्यांवर चर्चा झाली. शेवटी ठरलं, आमच्या घरच्या ट्रंकेत, आईकडे. किल्ली भाऊजींकडे. कल्पना भाऊजींचीच आणि सगळ्यांना ती आवडली. फक्त बाबांचा लग्नाकार्याचा सदरा त्याच ट्रंकेत आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आता कुठे बोलावणं आलं की बाबांना आधी जावयाकडे जावं लागतं.

"खर्ऱ्यासाठी हिच्याकडे, सदऱ्यासाठी त्याच्याकडे," ते म्हणतात. "माह्या घरात माहं काय हाय ते एकदा मले लिहून द्या."

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी ताईकडे गेले होते. निघताना भाऊजी फाटकापर्यंत आले. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांनी माझी बॅग सायकलच्या कॅरिअरवर ठेवायला उचलली आणि जरा थांबले. बॅग फार जड होती. आदल्या संध्याकाळी अध्यक्षबाई मला म्हणाल्या होत्या, "पेटी नव्या जागी तूच ने. पाहू आता तरी तोंड बंद राह्यते का तुहं."

"काय हाय यात?" भाऊजींनी विचारलं.

पण या वेळी मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"पुस्तकं."

त्यांनी बॅग कॅरिअरवर ठेवली. आत पत्रा वाजला, अगदी स्पष्ट. ताई दारात उभी होती, ती आभाळाकडे पाहायला लागली. भाऊजींनी दोरी नीट आवळून बांधली, गाठ ओढून पाहिली आणि सायकलचं हँडल माझ्या हातात दिलं.

"लय अभ्यास करून राह्यली तू," ते म्हणाले, आणि माझ्यासोबत यायचं सोडून घरात निघून गेले.